उसने तेल

गेल्या पावसाळ्यात भिवंडीलगतच्या शेलार गावी एका ख्रिस्ती कुटुंबाच्या भेटीस आम्ही गेलो होतो. खोली लहान, भिंतीपलीकडे यंत्रमाग चालत असल्यामुळे प्रार्थनाही मोठ्याने करावी लागली. त्या घरचा मुलगा दहावीत शिकतो. शाळेत त्यास "माझे गाव" या विषयावर निबंध लिहावयास सांगितला होता, तो त्याने मोठ्या हौसेने आम्हांस वाचून दाखविला. भाषा शुद्ध, वाक्ये गोंडस. त्यात कोंबड्याचे आरवणे होते, झुळझुळ वाहणारा ओढा होता, वाऱ्यावर डोलणारी पिके होती. आम्ही दाराबाहेर पाहिले, तो समोर मागांचे पत्र्याचे कारखाने व सुताची पोती उतरविणारा टेंपो. "बाळ, हे गाव कोणते रे?" असे विचारताच तो ओशाळला. निबंध मोबाइलातील कृत्रिम बुद्धिमत्तेने रचला होता. त्याने तो केवळ वहीत उतरवून घेतला होता.

चॅटजीपीटी नावाचे असे साधन 30 नोव्हेंबर 2022 रोजी सर्वांसाठी खुले झाले, आणि तेव्हापासून तशी आणखी कित्येक निघाली आहेत. असंख्य लेखांवरून कोणत्या शब्दामागून कोणता शब्द बहुधा येतो, हे ती शिकलेली असतात. गाव म्हटले म्हणजे पुष्कळांनी कोंबडा व ओढा लिहिला आहे, म्हणून यंत्रानेही तेच लिहिले. शेलार त्याने पाहिलेले नाही. मुलाने पाहिले आहे. परंतु पाहणारा गप्प राहिला व न पाहणारा बोलला.

त्याचे वडील मागावर काम करितात. ते म्हणाले, "पाळकसाहेब, मागही यंत्रच की! आम्ही कुठे हाताने विणतो? मग पोराने यंत्राकडून लिहून घेतले तर बिघडले काय?" हा प्रश्न आम्हांस सामान्य वाटला नाही. आम्ही काही वेळ निरुत्तरच झालो.

विचाराअंती आमच्या ध्यानात आले ते असे. कापड कोणीही विणो, ज्याच्या अंगावर ते येते त्याची थंडी निवारण होते. समजुतीचे तसे नाही. दुसऱ्याने समजून घेतलेले आपल्या अंगावर पांघरता येत नाही. मत्तयाच्या 25 व्या अध्यायातील दहा कुमारींचा दाखला आम्ही लहानपणी ऐकला, तेव्हा शहाण्या कुमारींनी तेल दिले नाही याचा आम्हांस राग येत असे. असल्या कसल्या या मैत्रिणी! आता वाटते, काही वस्तू देऊ म्हटले तरी देता येत नाहीत. विद्या त्यांपैकी आहे. शिवाय मागाविषयीदेखील त्या बंधूंस आम्ही विचारले, "तार तुटली हे कोणास कळते?" ते म्हणाले, "ज्याला काम येते त्याला. नवखा असला तर वाया गेलेले कापड मागाहून दिसते."

तुर्कस्तानातील एका हायस्कूलात अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या विद्वानांनी सुमारे 1,000 विद्यार्थ्यांवर गणिताचा एक प्रयोग केला. त्याचा वृत्तांत 2024 साली प्रसिद्ध झाला. ज्यांस असे साधन सरसकट वापरू दिले, त्यांची सरावातील उदाहरणे इतरांपेक्षा 48 टक्के अधिक चांगली सुटली. मग साधन काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा तीच मुले साधन मुळीच न मिळालेल्या मुलांहून 17 टक्क्यांनी मागे पडली. तिसऱ्या एका वर्गास मात्र उत्तर न सांगता केवळ इशारे देणारे यंत्र दिले होते; त्या मुलांचे असे नुकसान आढळले नाही. म्हणून यंत्रास सैतानाचे हत्यार म्हणण्यास आम्ही तयार नाही. ज्या घरी शिकवणीची फी भरण्याची ऐपत नाही, तेथे मध्यरात्रीही न कंटाळता पुन्हा समजावून सांगणारा शिक्षक ही लहानसहान देणगी नव्हे. आणि खरे सांगावयाचे तर, गाईड पाठ करून उत्तीर्ण झालेल्या आमच्या पिढीने मुलांवर फार डोळे वटारू नयेत. गाईडाने निदान पाठांतराचे तरी कष्ट करविले, इतकेच.

परंतु निबंधाची गोष्ट गणिताहूनही गंभीर आहे. 1855 साली "ज्ञानोदय" पत्रात मुक्ता साळवे या मांग जातीच्या मुलीचा निबंध छापून आला. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत ती शिकत होती; वय सुमारे 14 वर्षे. मांग-महारांच्या दुःखांविषयी तिने लिहिले. प्रसूतिसमयी आपल्या स्त्रियांच्या डोक्यावर छप्परही नसते व त्या थंडीपावसात कशा हाल सोसतात, हे तिने सांगितले. त्या काळी एखाद्या यंत्राकडे मांगांविषयी निबंध मागितला असता, तर त्याने कोणाचे शब्द गोळा केले असते? ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांचेच. छप्पर नसल्याची गोष्ट त्या शब्दांत कोठून सापडावी? आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ घरांत लेखणी येऊन दोन-तीन पिढ्याच झाल्या आहेत. ती इतक्या लवकर दुसऱ्याच्या हाती देणे आम्हांस भयावह वाटते. साक्ष ज्याची त्यानेच द्यावयाची असते, हे मंडळीस निराळे सांगावयास नको.

येथे उपदेशक बंधूंपुढे आमचाही एक अपराध कबूल करितो. एका आठवड्यात वेळ नव्हता म्हणून आम्ही अशाच यंत्राकडून उपदेश तयार करून घेतला. त्यात तीमथ्याच्या पत्रातील म्हणून एक सुंदर वचन होते. शास्त्र उघडून पाहतो तो ते वचन कोठेच नाही! पंडिता रमाबाईंच्या काळी मराठी शास्त्र छापलेले होतेच. तरी साध्यासुध्या बायांस कळावे म्हणून त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि 1922 साली मृत्यू येईपर्यंत केडगाव येथे नव्या भाषांतरावर त्या खपल्या. आम्हांस शनिवारची एक संध्याकाळ जड झाली.

पुढच्या महिन्यात शेलारास पुन्हा जाणे झाले. मुलाने निबंध नव्याने लिहिला होता. अवघ्या 11 ओळी, ऱ्हस्वदीर्घाच्या चुका पुष्कळ. त्यात लिहिले होते की, बाबा घरी येतात तेव्हा त्यांच्या केसांत कापसाचा भुगा असतो, तो आई झाडते. आणि रात्री वीज गेली म्हणजे सगळे माग एकदम थांबतात, तेव्हा त्या शांततेने आजी दचकून जागी होते.