योनाचा राग आणि देवाची क्षमा
शास्त्रपाठ : योना, अध्याय ३ व ४



नवी मुंबईलगत पनवेल येथे बेने इस्राएल लोकांचे बेथ एल नावाचे सभास्थान आहे. ते १८४९ सालचे. हे मराठी बोलणारे यहुदी आपल्या प्रायश्चित्ताच्या दिवसाला ‘दारफाळणीचा सण’ असे म्हणत. त्या दिवशी उपास करून, शुभ्र वस्त्रे नेसून, दारे लावून ते देवाची क्षमा मागत. त्याच दिवशी सभास्थानात योनाचे पुस्तक वाचण्याची यहुदी लोकांची रीत आहे. क्षमेच्या दिवशी एका रागावलेल्या भविष्यवाद्याची गोष्ट का वाचावी बरे?

योनाने प्रथम आज्ञा मोडली व याफोहून तार्शीशाच्या तारवात बसला. पुढे तो निनवेस गेला आणि चाळीस दिवसांनी नगराचा नाश होईल, असे त्याने गाजविले. तेव्हा राजापासून रंकापर्यंत सर्वांनी गोणपाट नेसून पश्चात्ताप केला व देवाने अरिष्ट टाळले. मग भविष्य खोटे ठरले काय? मुळीच नाही. भविष्यवाद म्हणजे कुंडली नव्हे. नाश टळावा म्हणूनच देव अगोदर नाशाचा इशारा देतो.

परंतु योना संतापला. त्याचे पाय निनवेस गेले, मन मात्र गेले नव्हते. शत्रूचे वाटोळे पाहावे म्हणून तो नगराबाहेर मांडव करून बसला. अर्धी आज्ञा पाळणे ती हीच.

आमच्या भागात असे मांडव पुष्कळ आहेत. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नव्या नगरासाठी ९५ गावांच्या जमिनी घेण्यात आल्या. पुढे मोबदल्यात साडेबारा टक्के योजनेचे भूखंड मिळू लागले, तेव्हा वाटणीवरून भाऊ भावास दुरावल्याचे आम्ही पाहिले आहे. अशाच एका घरी आम्ही प्रार्थनेस गेलो असता थोरले बंधू म्हणाले, “पाळकसाहेब, धाकट्याने मला फसविले. देव त्याला पाहून घेईल, असे शास्त्रच सांगते.” आम्ही त्यांना योनाचा चौथा अध्याय वाचून दाखविला. आपण न लावलेल्या वेलीसाठी योना हळहळला. मग उजवा-डावा हात न ओळखणाऱ्या एक लक्ष वीस हजारांहून अधिक माणसांची देवाने कीव करू नये काय? ते बंधू उत्तरले नाहीत. आम्हांसही पुढे बोलवेना. कारण ज्या घरी एकदा आमचा अपमान झाला होता, त्या घराचा उंबरा आम्हीही वर्षभर ओलांडला नव्हता. दुसऱ्या दिवशी प्रथम आम्ही तिकडे गेलो.

बंधूंनो, अन्याय झाला असेल तर आपला हक्क अवश्य मागावा. पण भावाचा नाश मागू नये. योनाचे पुस्तक देवाच्या प्रश्नावर संपते, योनाचे उत्तर त्यात नाही. ते उत्तर आपण द्यावयाचे आहे. येत्या प्रभुभोजनापूर्वी, मत्तय ५:२३-२४ मधील आज्ञेप्रमाणे, प्रत्येकाने आपल्या निनवेस जाऊन यावे. प्रभू आपणांस तसे करण्यास कृपा देवो. आमेन.