झांकलेलीं तोंडें आणि उघडें दार

शास्त्रपाठ : मत्तय २:१३-१८, प्रेषितांचीं कृत्यें ७:५४-६०



नाताळ जवळ आला म्हणजे आपण चांदणी टांगतों, उपासनेची जागा सारवून स्वच्छ करितों आणि लेंकरांस गीतें शिकवितों. हें योग्यच आहे. परंतु मत्तयानें बेथलेहेमाची कथा सांगतांना ताऱ्याच्या उजेडाशेजारींच हेरोदाची तरवार दाखविली आहे. ज्या अध्यायांत मागी लोक सोनें, ऊद व गंधरस अर्पण करितात, त्याच अध्यायांत आया आपल्या बाळांसाठीं आकांत करितात. पहिला नाताळच संकटावांचून गेला नाहीं, हें प्रथम ध्यानांत ठेवावें.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यानेंही हें पाहिलें आहे. चंदगड तालुक्यांत ताम्रपर्णी नदीच्या कांठीं कोवाड गांव आहे. तेथें सन २०१८ च्या डिसेंबरच्या २३ व्या तारखेस, नाताळास दोनच दिवस राहिले असतां, रविवारच्या उपासनेस जमलेल्या लहानशा मंडळीवर तोंडें झांकलेले लोक तरवारी, लोखंडी सळया, दगड व बाटल्या घेऊन चालून आले. प्रार्थना करणारे कित्येक जण जखमी झाले. असें वर्तमान कानीं आलें म्हणजे खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत एकच प्रश्न उठतो : आपण नाताळ करावा, कीं दार लावून गप्प बसावें?

ह्या प्रश्नास शास्त्रांतून तीन उत्तरें मिळतात.

पहिलें हें कीं, भीति वाटणें पाप नव्हे. योसेफ रात्रींच उठून मिसर देशास निघाला. देवदूतानें त्यास भित्रा म्हटलें नाहीं. पळून जाण्याची आज्ञा त्यानेंच आणिली होती. म्हणून संकटसमयीं जो बंधु बायकामुलांस सुरक्षित ठिकाणीं नेतो, त्यास कोणीं उणें बोलूं नये. मात्र एक गोष्ट पाहा : योसेफानें गांव सोडलें, देश सोडला, बाळ सोडलें नाहीं. सन १८५४ मध्यें बेळगांवीं बाबा पदमनजी ह्यांनीं बाप्तिस्मा घेतला, तेव्हां त्यांसही जातीचा आश्रय गमवावा लागला; पण ज्याला धरिलें त्याला त्यांनीं सोडिलें नाहीं. कोवाडाहून बेळगांव कांहीं फार दूर नाहीं. ही आपल्याच मुलखांतली साक्ष आहे.

दुसरें हें कीं, न्याय मागणें म्हणजे सूड नव्हे. पौलास फटके मारावयास बांधिलें, तेव्हां हें कायद्यास धरून आहे काय, असें त्यानें शताधिपतीस विचारिलें. आणि पुढें त्यानें कैसराकडे दाद मागितली. आपल्या देशाच्या राज्यघटनेचें २५ वें कलम प्रत्येकास सदसद्विवेकाचें आणि, सार्वजनिक सुव्यवस्था, नीति व आरोग्य सांभाळून, आपला धर्म मानण्याचें, आचरण्याचें व त्याचा प्रसार करण्याचें स्वातंत्र्य देतें. उपदेशकांनीं हें आपल्या मंडळीस समजावून सांगावें. कोणावर हल्ला झाला, तर सत्य तेवढेंच सांगून फिर्याद नोंदवावी. त्यांत एका शब्दाचीही भर घालूं नये. आणि हेंच स्वातंत्र्य आपल्या शेजाऱ्याचेंही आहे, हें विसरूं नये.

तिसरें उत्तर सर्वांत कठीण आहे. स्तेफनास दगडमार होत असतां त्यानें मारणाऱ्यांसाठींच प्रार्थना केली. नाताळाच्या दुसऱ्याच दिवशीं, २६ डिसेंबरास, पुष्कळ मंडळ्यांत त्याची आठवण करितात, तें उगीच नव्हे. त्या दिवशीं मारणाऱ्यांचीं वस्त्रें राखीत शौल नांवाचा एक तरुण उभा होता. तोच पुढें पौल झाला. तोंड झांकून आलेल्यांमध्यें उद्यांचा शौल कोण, हें आपणांस ठाऊक नाहीं. देवास ठाऊक आहे. त्याला शाप देणारे आपण कोण?

माणूस तोंड झांकितो, कारण आपलें कृत्य उजेडांत यावें असें त्यास वाटत नाहीं. नाताळाचा अर्थ नेमका ह्याच्या उलट आहे. ज्याला कोणीं कधीं पाहिलें नव्हतें, त्या देवानें आपलें मुख बाळाच्या रूपानें उघडें केलें, आणि तेंही जेथें कोणासही येतां येईल अशा गव्हाणींत. म्हणून आपलें वागणेंही उघडें असावें. कोणास वस्तूंचें आमिष दाखवूं नये. कोणाच्या देवाची निंदा करूं नये. शेजाऱ्यांस नाताळाचें आमंत्रण द्यावें, फराळ पाठवावा, आणि त्यांच्या घरीं आजार किंवा मरण आलें तर बोलाविण्याची वाट न पाहतां जावें. संकटकाळीं अशी जुनी ओळख पुष्कळदां भिंतीहून बळकट ठरते.

तर नाताळ करावा काय? होय, करावा. सावधपणें करावा, चार जाणत्यांशीं विचार करून करावा, पण करावा. आणि मनाचें दार तरी लावूं नये.

प्रार्थना : हे प्रभो, जे जखमी झाले त्यांस बरें कर, ज्यांनीं जखमा केल्या त्यांचे डोळे उघड, आणि आम्हांस असें कर कीं, सर्व सुटलें तरी बेथलेहेमाचें बाळ आमच्या हातून सुटूं नये. आमेन.