लाकूड आणि कुंभाराचे गाढव

कार्यकारणभावाची जी काटेकोर चिकित्सा न्यायदर्शनाच्या आपल्या पंडितांनी, म्हणजे नैयायिकांनी, केली, तिचा उपयोग घट आणि पट यांच्या पलीकडे सहसा कोणी करीत नाही. विद्युत-गिटारचा स्वर लाकडात असतो की लोखंडात, हा वादकांमधील जुना आणि वारंवार हमरीतुमरीवर येणारा तंटा त्यांच्या दरबारी दाखल झाला असता, तर निदान वादाचा मुद्दा तरी नेमका ठरला असता. घटासाठी लागणारी माती ज्या गाढवाच्या पाठीवरून आली, ते घटापूर्वी हजर होते हे खरे. परंतु माती बैलावरून आली असती तरी घट झालाच असता, म्हणून त्या गाढवाला शास्त्रकार कारण न म्हणता अन्यथासिद्ध म्हणतात. तेव्हा गिटारमधील महोगनी हे कारण, की ते गाढव?

मिरजेच्या तंबोऱ्याविषयी असा प्रश्नच उद्भवत नाही. तेथे तारेचे कंपन तबलीला आणि भोपळ्याला हलविते आणि आपल्या कानी येतो तो त्यांनीच हवेला दिलेला नाद. विद्युत-गिटारचा पिकअप मात्र हवेकडे जवळजवळ लक्षच देत नाही. चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. वरची पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेढ्यांत वीज उत्पन्न होते, एवढाच तो फॅरेडेने 1831 साली दाखविलेला व्यवहार. नायलॉनची तार लावून पाहा, सर्वोत्तम लाकडावरही पिकअप मुका राहील. रिकनबॅकर कंपनीची आरंभीची 'फ्राइंग पॅन' गिटार ओतीव ॲल्युमिनियमची होती, आणि 1969 साली डॅन आर्मस्ट्राँग यांनी तर पारदर्शक प्लास्टिकची गिटार बाजारात आणली. गिटारवादक लेस पॉल यांनी चार इंची चौरस ओंडक्यावर तारा ताणून स्वर काढला, आणि ते वाद्य गिटारसारखे दिसावे म्हणून एका जुन्या गिटारीची दोन अर्धुके त्याच्या दोहो बाजूंना जोडली. ती अर्धुके म्हणजे मूर्तिमंत गाढव!

परंतु एवढ्यावर लाकडाचा दावा खारीज करणे घाईचे होईल. पुष्कळ गिटारींच्या मानेवर एखादी अशी जागा असते, की तेथे दाबलेला स्वर शेजारच्या स्वरांच्या मानाने लवकर विझतो. त्या स्वराच्या कंपनाशी मानेचे स्वतःचे कंपन जुळते आणि मान तारेची शक्ती शोषून घेते. मानेच्या टोकाला एखादे वजन आवळले की ती मुकी जागा सरकते. तार तीच, पिकअप तोच, आणि तरीही स्वर बदलला. कारण असले की कार्य असते आणि नसले की नसते, या अन्वयव्यतिरेकाचा याहून चोख दाखला कोणता हवा? म्हणजे लाकूड कारण आहे, पण स्वर देणारे नव्हे, स्वर हिरावून घेणारे. तारेला जे मिळायचे ते छेडतानाच मिळालेले असते. पुढे तारा ज्यावर टेकतात तो धडावरचा ब्रिज, मान आणि धड त्यातून किती वसूल करतात एवढेच उरते.

येथे मीमांसक आणि नैयायिक यांचा जुना वाद आठवतो. दाह रोखणारा मणी जवळ ठेवला असता अग्नी जाळीत नाही, तेव्हा अग्नीत दाहशक्ती नावाचा वेगळा पदार्थ मानला पाहिजे, असे मीमांसकांतील प्राभाकर म्हणतात. नैयायिक म्हणतात, शक्ती कशाला, प्रतिबंधकाचा अभाव हेही एक कारणच. महोगनीत ऊब आणि मेपलमध्ये झळाळी भरलेली आहे असे मानणारे वादक नकळत प्राभाकरांच्या पंथाचे आहेत. मला नैयायिकांचेच म्हणणे पटते. घट्ट बसलेला जड ब्रिज स्वरात काही ओतीत नाही. तो आड येत नाही, आणि तेच त्याचे कारणत्व. मानेच्या टोकाशी तारा ज्यावर टेकतात त्या हाडाच्या पट्टीची, म्हणजे नटची, मुखत्यारी तर मोकळ्या तारेपुरतीच. फ्रेटवर बोट पडले की तारेचा शेवट तेथेच होतो. याउलट पिकअपची जागा जरा बदलली की स्वराचा स्वभाव पालटतो, कारण तारेच्या चतुर्थांशावर बसलेल्या पिकअपला मोकळ्या तारेचा चौथा उपस्वर जवळजवळ ऐकूच येत नाही. त्या बिंदूशी त्याचे कंपन शून्य असते.

तेव्हा मानेचा ताठरपणा आणि वजन ही कारणे. झाडाचे नाव मात्र कुंभाराच्या चाक फिरविण्याच्या दंडाच्या रंगाइतकेच अन्यथासिद्ध. गिटार विकत घेणाऱ्याने दुकानदाराने सांगितलेली लाकडाची वंशावळ शांतपणे ऐकावी, आणि पैसे मोजण्यापूर्वी प्रत्येक तारेवरचा प्रत्येक फ्रेट वाजवून पाहावा.