धुण्याचा दगड

आमच्या चारठाण्याच्या घरी आडाजवळ एक धुण्याचा दगड आहे. वरची बाजू पिढ्यान्‌पिढ्या कपडे आपटून गुळगुळीत झालेली. बाजूला मात्र, अर्धी मातीत रुतलेली एक बाई कोरलेली आहे. तिचा चेहरा दिसत नाही. एक हात, त्यातल्या बांगड्या आणि कमरेचा पट्टा एवढंच दिसतं. लहानपणी साबणाचं पाणी त्या बांगड्यांवरून ओघळताना मी बघत बसायचे.

जिंतूर तालुक्यातल्या या गावात यादवकाळातली देवळं आहेत, बारव आहे, आभाळात गेलेला कोरीव स्तंभ आहे. जी देवळं पडली त्यांचे दगड गावातल्या भिंतींत, ओट्यांत, पायऱ्यांत गेले. आमचा दगड पणजोबांनी आणला होता. "देवाचा दगड आपण कसा घेतला?" असं मी एकदा आज्जीला विचारलं होतं. ती म्हणाली, "देऊळ पडलं तवा उन्हापावसात पडून व्हता. आपण त्याला घरात आणलं."

हे उत्तर मला वीस वर्षं पुरलं. मग रोममध्ये शिकत असताना एका रविवारी मी पॉम्पेईला गेले.

वेगवान गाडीनं नेपल्स, तिथून लोकल. ती खंडहरांच्या दारातच सोडते. इसवी सन ७९मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलेलं हे गाव १७४८पासून खणून काढलं जातंय. फरसबंद रस्त्यांवर गाड्यांच्या चाकोऱ्या आहेत. खानावळींच्या ओट्यांत रांजण बसवलेली भोकं आहेत. काचेआड माणसंही आहेत. राखेत गाडलेले देह कुजून पोकळ्या उरल्या होत्या, त्यांत १८६३मध्ये फिओरेल्ली यांनी प्लास्टर ओतून ते आकार पुन्हा उभे केले. एकानं तोंडावर हात धरलाय. त्याच्यासमोर लोक फोटो काढत होते, मीही काढला. थोड्या वेळानं एक मुलगा एका ओट्यावर बसला, तसा रखवालदार ओरडत धावत आला.

तेव्हा मला आमचा दगड आठवला आणि शरम वाटली. इथं बसूही देत नाहीत, आम्ही तर त्यावर सतरंज्या आपटतो.

पण चालता चालता शरमेच्या मागून दुसरा विचार आला. पॉम्पेई टिकलं, कारण तिथलं सगळं एका दिवसात थांबलं. लोक जगत राहिले असते, तर त्यांनीच जुन्या भिंती पाडून नव्या बांधल्या असत्या. मी ज्या शहरात शिकत होते, तिथंही तेच झालं. कलोसियमचे दगड शतकानुशतकं राजवाड्यांना आणि चर्चना लागत गेले. चारठाण्याचे दगड विखुरले, कारण चारठाणं जिवंत राहिलं. मग दोष कोणाला द्यायचा, जगण्याला?

परतताना नेपल्सच्या संग्रहालयात गेले. तिथं वीतभराहून थोडी मोठी एक हस्तिदंती बाई आहे. १९३८ साली पॉम्पेईत सापडलेली, पण घडण भारतीय. अशाच धर्तीच्या मूर्ती तेरला आणि आमच्या शेजारच्या जालना जिल्ह्यात भोकरदनला मिळाल्या आहेत. तिच्या हातभर बांगड्या आहेत. डोक्यातून आरपार भोक पाडलेलं आहे; त्यावरून ती आरशाची मूठ किंवा छोट्या मेजाचा पाय असावी, असं अभ्यासक म्हणतात.

म्हणजे तीही कुणाच्या तरी घरात वापरली जात होती. आज आपण जिला काचेआड बघतो, तिला कधीतरी कुणी धुळीचं फडकंही मारलं असेल. वापरणं हा अपमान नसतो, हे तिनं मला पटवलं.

तरीही तेवढ्यावर सुटका करून घेणं मला जमेना. पणजोबांना दगडाची गरज होती. आज आमच्या घरात फरशी आहे, मोरीला नळ आहे, धुण्याचं यंत्रही आलंय. गरजेपोटी घेतलेल्या वस्तूवरचा हक्क गरज संपल्यावरही राहतो का? मला वाटतं, नाही. त्यानंतर उरते ती सवय, आणि सवय बाईच्या बांगड्या झिजवत राहते. ती कोरणाऱ्यानं फक्त आमच्यासाठी कोरली नव्हती. अजून जन्माला न आलेल्या कुणाचा तरी तिच्यावर आमच्याइतकाच वाटा आहे, आणि तो वाटा मागायला त्याला तोंड नाही.

गरज संपली हे ठरवणारी मी कोण, हाही प्रश्न होताच. मी रोममध्ये; कपडे धुणारी आज्जी चारठाण्यात. तिचा यंत्रावर विश्वास नाही.

त्या रात्री घरी फोन केला. बाबा हसले. म्हणाले, "अगं, मग गोधड्या कुठं धुवायच्या?" पण दिवाळीत गेले तेव्हा दगड उचलून भिंतीला उभा केलेला होता. माती धुतल्यावर बाईचा चेहरा दिसला. नाक गेलंय, ओठ शाबूत आहेत. शेजारी धुण्यासाठी साधी शहाबादी फरशी टाकली होती.

आज्जी फरशीवर धुत होती. मध्येच थांबून तिनं त्या चेहऱ्याकडं पाहिलं. "इतकी वर्सं हिच्याच डोईवर आपटत व्हते की गं," ती म्हणाली, आणि पाणी तिकडं उडू नये म्हणून जराशी वळून बसली.