फुस्स झालं, त्याचं पाप कुणाला?

गाडीच्या एसीचा कंडेन्सर बदलायचा झाला, की नवा बसवण्याआधी आतला गॅस बाहेर काढावा लागतो. रस्त्याकडेच्या बऱ्याच गॅरेजांत त्याला फार वेळ लागत नाही. बॉनेट उघडायचं, पाइपावरची प्लास्टिकची टोपी काढायची आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं आतली पिन दाबायची. फुस्स आवाज होतो, पिनेभोवती पांढरं धुकं दिसतं, बोटं गारठतात. मिनिटा-दोन मिनिटांत खेळ खलास. धूर नाही, वास नाही, शेजारी चहा पिणारा माणूस खोकतसुद्धा नाही.

पुढचं सगळं काम मात्र हाच मेकॅनिक डोळ्यांत तेल घालून करतो. नव्या ओ-रिंगा तेलात बुडवून बसवतो. सिस्टिम एकदा उघडली की ड्रायरमधले दाणे हवेतली ओल पिऊन बसतात, म्हणून ड्रायरही बदलतो. जुन्या कंडेन्सरबरोबर जेवढं कॉम्प्रेसर ऑइल गेलं असेल तेवढंच मापून घालतो. मग व्हॅक्यूम मारायचा, निदान अर्धा तास. आतला दाब इतका खाली जातो, की पाइपात लपलेलं पाणी नेहमीच्या तापमानालाच उकळतं आणि वाफ होऊन पंपातून निघून जातं. पंप बंद केल्यावर गेजच्या काट्याकडे बघत थांबायचं. काटा सरकला तर कुठंतरी लीकेज आहे. सगळं जागेवर असेल तर सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून, बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेत तेवढेच ग्रॅम गॅस भरायचा. जास्त भरला तर प्रेशर वाढतं आणि गारवा उलट कमी होतो.

म्हणजे आत जाणारा गॅस ग्रॅमवर मोजला जातो आणि बाहेर गेलेला कुणाच्या हिशेबात नसतो. तो हिशेब करायचाच तर असा होतो: भारतातल्या बहुतेक गाड्यांत आर-134ए हा गॅस असतो आणि शंभर वर्षांचा विचार केला, तर त्याचा एक किलो सुमारे 1,430 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. छोट्या गाडीतले 450 ग्रॅम हवेत सोडले तर ते 640 किलोंच्या घरात जातात. लिटरला पंधरा किलोमीटर देणारी पेट्रोलची गाडी पुण्याहून नागपूरला तीनदा जाऊन आली, की साधारण एवढाच कार्बन डायऑक्साइड सोडते. इथं ते काम एका पिनेनं होतं.

यात पाप कुणाला लागतं? मेकॅनिकच्या मनात कुणाचं वाईट करायचं नव्हतं. गाडीमालकाला तर गारवा हवा होता, बाकी काही नाही. ज्याचं नुकसान होईल तो बहुधा अजून जन्मलेलाही नाही.

हेतू नसताना घडलेल्या हिंसेवर या देशात अडीच हजार वर्षांपूर्वी रीतसर खटके उडालेत. मज्झिमनिकायातल्या उपालिसुत्तात निगंठ नातपुत्ताचा, म्हणजे महावीराचा, धनाढ्य उपासक उपाली बुद्धाशी वाद घालायला जातो. निगंठांचं, म्हणजे जैनांचं, म्हणणं, शरीरानं केलेलं कर्म सर्वांत भारी. बुद्धाचं म्हणणं, मनानं केलेलं. शेवटी उपाली बुद्धाचा होतो. तिकडे जैनांच्या सूत्रकृतांगात बुद्धाच्या याच मताची यथेच्छ टर उडवली आहे: पेंडीचा गोळा माणूस समजून भाजला तर पापी, आणि मूल भोपळा समजून भाजलं तर निष्पाप, असंच ना तुमचं मत? दोन्ही ग्रंथ आपापल्या घरचे, तेव्हा निकालही आपापल्या घरचे.

मनुस्मृतीनं तिसरी वाट काढली. चूल, जातं-पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याची घागर ही गृहस्थाच्या घरातली पाच हत्यास्थानं. जगायचं तर ती टळत नाहीत, म्हणून रोज पाच महायज्ञ करून फेड करायची. या मांडणीत एक प्रामाणिकपणा आहे. तरी गॅरेजला ती लागू होत नाही, कारण पिन दाबणं टाळता येतं. रिकव्हरी मशीन लावलं तर जुना गॅस ओढून घेता येतो, त्यातलं तेल आणि ओल वेगळी करून तोच परत भरता येतो.

इथं जैनांचीच बारीक विचारणा जास्त कामाला येते. शरीर मोठं की मन, या झगड्यापलीकडे जाऊन उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेचं मूळ प्रमादात, म्हणजे बेसावधपणात धरलं. कुंदकुंदांनी प्रवचनसारात ते टोकाला नेलं: जीव मरो वा जगो, बेपर्वा वागणाऱ्याला हिंसा लागतेच, जपून वागणाऱ्याकडून चुकून काही दगावलं तर त्याला कर्माचा बंध नाही. मुनींसाठी पाच समिती, म्हणजे जपून वागण्याचे नियम, सांगितल्या आहेत, त्यांत टाकाऊ वस्तू कुठं आणि कशी टाकायची याची स्वतंत्र समिती आहे. मलमूत्रदेखील जागा निरखून टाकायचं. वायू टाकण्याचा विचार तेव्हा नसेल, पण नियम जसाच्या तसा बसतो.

या कसोटीवर थॉमस मिजली या अमेरिकन संशोधकाला घासून बघावं. 1930 साली त्यानं रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत नवा फ्रीऑन वायू छातीत भरून घेतला आणि फुंकून मेणबत्ती विझवली. विषारीही नाही, ज्वालाग्राहीही नाही, हे दाखवायला. त्याआधी फ्रिजमधून गळणाऱ्या विषारी वायूंनी माणसं दगावत होती, त्यामुळे हेतू चांगलाच होता. असे वायू ओझोनचा थर खातात हे मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी 1974 साली मांडलं, तेव्हा मिजलीला जाऊन तीस वर्षं झाली होती. इथं प्रमाद म्हणायला जागा नाही. पण पेट्रोलमध्ये शिसं मिसळण्याची युक्तीही याच माणसाची. 1923 साली त्याला स्वतःला शिशाची बाधा झाली होती, 1924 साली हे शिशाचं द्रव्य बनवणाऱ्या न्यू जर्सीतल्या कारखान्यात कामगार मेले, आणि तरी त्यानं पत्रकारांसमोर ते द्रव्य हातांवर ओतून, हुंगून दाखवलं. त्याला प्रमाद म्हणणं म्हणजे सवलत देणं झालं.

आजचा मेकॅनिक या दोन मिजलींच्या मध्ये कुठंतरी उभा आहे. त्याच्या एकट्याकडे बोट दाखवणंही बरोबर नाही. पतंजलींनी योगसूत्रात आणि जैनांनी आपल्या व्रतांत हिंसेचे तीन धनी सांगितलेत: स्वतः करणारा, करवून घेणारा आणि मान डोलावणारा. ‘मशीन-बिशीन नको, लवकर उरका’ म्हणत दोनशे रुपयांसाठी घासाघीस करणारा गाडीमालक दुसऱ्या खात्यात बसतो. सरकारी पातळीवर बघावं, तर आर-134एसारखे वायू कमी करण्याच्या किगाली कराराला भारतानं 2021 साली मान्यता दिली आणि त्यांची पहिली दहा टक्के कपात 2032 पर्यंत करायची आहे. ती कपात उत्पादनावर आणि वापरावर आहे, गॅरेजातल्या पिनेवर कुणी पहारा बसवलेला नाही.

युरोपात 2017 पासून नव्या गाड्यांत आर-134ए चालत नाही. त्याच्या जागी आलेला आर-1234वायएफ हवेत काही दिवसांतच विरतो. मात्र त्यातून तयार होणारं एक आम्ल पावसाबरोबर पाण्यात उतरतं आणि तिथून हटत नाही. ते किती घातक, यावर शास्त्रज्ञांचा वाद चालू आहे. हा गॅस बराच महागही आहे, त्यामुळे तो जपून काढून ठेवण्यात गॅरेजवाल्याचाच फायदा. पैसे वाचवायला पाळलेली ही सावधगिरी कुंदकुंदांनी समितीत धरली असती का?