'ह्र्वात्स्की' : नाव आणि अधिकार

मराठीत 'क्रोएशियन' हा एकच शब्द भाषा, समाज आणि नागरिकत्व या तिन्हींसाठी चालतो. त्या भाषेत मात्र 'ह्र्वात' म्हणजे त्या समाजातील माणूस, आणि 'ह्र्वात्स्की' हे त्यावरून झालेले विशेषण, तेच भाषेचे नाव. क्रोएशियात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला सर्ब त्या देशाचा नागरिक असतो. पण तो स्वतःला 'ह्र्वात' म्हणवीत नाही.

शब्दाच्या इराणी मुळाविषयीचा तर्क वादग्रस्त आहे. नाव मात्र निःसंशय जुने: इ. स. ११००च्या सुमाराच्या बाश्का शिलालेखात झ्वोनिमिर राजाचा उल्लेख 'ह्र्वात' राजा असाच येतो. परंतु नावाच्या प्राचीनत्वावरून भाषेचे वेगळेपण सिद्ध होत नाही. ल्युदेवित गाय यांनी १८३६ मध्ये आपल्या वृत्तपत्राच्या नावातील हा शब्द वगळून 'इलिरियन' हा व्यापक शब्द घेतला. १८४३ मध्ये सत्तेने त्यावरही बंदी घातली.

१९५४च्या नोवी साद कराराने सर्ब, ह्र्वात व माँटेनेग्रिन यांची भाषा एकच ठरविली. १९६७ मध्ये ह्र्वात साहित्यसंस्थांनी जाहीरनामा काढून आपल्या भाषेचे स्वतंत्र नाव घटनेत मागितले. सर्बियनचेही नाव वेगळे लिहावे, असे त्यात होते, हे सहसा विसरले जाते. पक्षाने तो अपराध मानला. स्वाक्षरी करणाऱ्यांत मिरोस्लाव कर्लेझा होते. त्यांना केंद्रीय समिती सोडावी लागली.

स्नेझाना कोर्दिच यांनी २०१० मध्ये, दोन्ही प्रमाणरूपे एकाच श्टोकावियन बोलीवर उभी असल्याने भाषा एकच, असे मांडले. भाषावैज्ञानिक विधान म्हणून मला ते मान्य आहे. मात्र त्यातून, दुसऱ्याने आपल्या भाषेला काय म्हणावे हे ठरविण्याचा अधिकार निष्पन्न होत नाही. १९५४ची चूक नेमकी येथे होती. उलट, १९९०च्या दशकात 'हजार' या अर्थी 'तिसुचा'ऐवजी 'हिल्यादा' म्हणणाऱ्याकडे संशयाने पाहिले जाऊ लागले, तेव्हा नावाच्या हक्काचे रूपांतर पहाऱ्यात झाले. गंमत अशी की, खुद्द झाग्रेबची जुनी बोली 'काय' या प्रश्नार्थक शब्दावरून (अर्थही आपल्या 'काय'चाच!) कायकावियन म्हटली जाते, आणि प्रमाण ह्र्वात्स्कीपासून ती बेलग्रेडच्या भाषेहून अधिक दूर आहे. शुद्धीच्या कसोटीवर तिचे काय करावयाचे?

इटलीतील मोलिझे प्रांतात काही शतकांपूर्वी जाऊन वसलेल्यांचे वंशज आजही आपल्या बोलीला 'ना-नाशु' म्हणतात, म्हणजे, 'आपल्या'त.