बदलती श्रेणी आणि मूल्यनिर्णयाचे उत्तरदायित्व

एखादा मूल्यनिर्णय कालांतराने बदलला, एवढ्यावरून तो मुळातच निराधार होता असे म्हणता येईल काय? साहित्यसमीक्षेला हा प्रश्न नवा नाही. एका पिढीने शिरोधार्य मानलेली कृती दुसरी पिढी अडगळीत टाकते आणि तिसरी ती पुन्हा बाहेर काढते. या उलथापालथीकडे पाहून एक पक्ष म्हणतो की मूल्य ही केवळ अभिरुचीची लहर आहे. दुसरा म्हणतो की मूल्य स्थिरच असते, चुकतात ते वाचणारे. साहित्याच्या क्षेत्रात या वादाचा निकाल लागणे अवघड असते, कारण तेथे कृतीचे संदर्भ, वाचक, भाषा आणि समाज ही सारीच एकाच वेळी बदलत असतात. यांपैकी काही घटक स्थिर राहिले असता मूल्यनिर्णयाचे काय होते हे जेथे न्याहाळता येईल असे एखादे क्षेत्र सापडले, तर वादाला काहीसा नेमकेपणा येऊ शकेल. वरवर पाहता बालिश वाटणारे असे एक क्षेत्र म्हणजे पोकेमॉन या जपानी व्हिडिओ गेममधील स्पर्धात्मक लढती, आणि त्या लढतींसाठी खेळाडूंनी रचलेली जीवांची श्रेणीव्यवस्था.

सातोशी ताजिरी यांच्या कल्पनेतून साकार झालेले या मालिकेतील पहिले गेम १९९६ साली जपानमध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत १५१ काल्पनिक जीव होते; आज ही संख्या हजाराच्या वर गेली आहे. प्रत्येक जीवाला एक किंवा दोन 'प्रकार' असतात, जसे अग्नी, जल, विद्युत. त्याच्या बळाचे आणि वेगाचे आकडे ठरलेले असतात. आणि लढतीत त्याला फक्त चार चाली वापरता येतात. खेळाडूने सहा जीवांचा संघ बांधायचा असतो. लहान मूल आवडेल तो जीव निवडते. स्पर्धेत उतरणाऱ्याला मात्र हजारांतून सहा का आणि कोणते, याचे उत्तर द्यावे लागते. श्रेणीव्यवस्था या 'का'मधून जन्माला येते.

या श्रेणी दोन भिन्न तत्त्वांवर आधारलेल्या आहेत, आणि हा भेद येथे महत्त्वाचा आहे. २००४ साली सुरू झालेल्या स्मोगन या खेळाडूंच्या समुदायाने एक वर्गीकरण वापराच्या प्रमाणावरून केले. जो जीव प्रत्यक्ष लढतींत ठरावीक प्रमाणाहून अधिक आढळतो तो वरच्या वर्गात, उरलेले खालच्या वर्गांत. दीर्घकाळ ही सीमा ३.४१ टक्के होती. हा आकडा लहरीने ठरवलेला नव्हता. वीस लढतींत एखादा जीव किमान एकदा समोर येण्याची शक्यता निम्मी असावी, या अटीतून तो गणिताने निघतो. पुढे वीसऐवजी पंधरा लढती धरण्यात आल्या आणि सीमा ४.५२ टक्क्यांवर गेली. दुसरी श्रेणी गणनेवर नव्हे, निर्णयावर उभी आहे. तीत अनुभवी खेळाडू प्रत्येक जीवाची उपयुक्तता चर्चेने ठरवतात, कारणे देतात, आणि त्याला एस, ए, बी, सी अशा अक्षरांनी चिन्हांकित करतात. पहिली श्रेणी काय घडते ते सांगते. दुसरी काय घडणे योग्य ठरेल ते सांगू पाहते. ग्रंथविक्रीचा तक्ता आणि समीक्षकाचा अभिप्राय यांत जे अंतर असते, त्याच जातीचे हे अंतर आहे.

या दुसऱ्या श्रेणीत सतत फेरफार होत राहतात. मात्र 'श्रेणी बदलली' या एकाच वाक्याखाली परस्परांहून भिन्न अशा किमान चार घटना झाकल्या जातात, आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय मूल्याच्या सापेक्षतेविषयी काही बोलणे उतावळेपणाचे ठरेल.

पहिली घटना म्हणजे वस्तूच बदलणे. सिझर या जीवाला २००८ च्या 'प्लॅटिनम' या गेममध्ये 'बुलेट पंच' नावाची एक चाल मिळाली. चाल मुळात दुबळी, पण प्रतिपक्षाच्या आधी पडणारी. आणि दुबळ्या चालींचे बळ दीडपट करणारा गुण सिझरच्या अंगी आधीपासून होता. एका चालीच्या भरतीने तो त्या काळातील अग्रगण्य जीवांत जाऊन बसला.

दुसरी घटना म्हणजे मापदंड बदलणे. पहिल्या पिढीत 'विशेष' या नावाचा एकच आकडा मारा आणि बचाव अशी दोन्ही कामे करी. १९९९ च्या पुढील गेममध्ये त्याचे दोन आकडे करण्यात आले. अलाकझामच्या १३५ या आकड्याचा मारा १३५ राहिला, बचाव मात्र ८५ झाला. चॅन्सीच्या १०५ मधून बचाव १०५ राहिला, पण मारा ३५ वर आला. जी संकल्पना एकसंध वाटत होती तिच्या पोटात दोन संकल्पना होत्या, हे विभाजनानंतरच दृग्गोचर झाले. साहित्यविचारातही एखादी ढोबळ संज्ञा दुभंगताच कृतींचे सापेक्ष स्थान असेच पालटते.

तिसरी घटना अधिक सूचक आहे: वस्तू तीच राहते, भोवताल बदलतो. २०१३ साली गेममध्ये 'फेअरी' हा नवा प्रकार आला, आणि त्या प्रकारच्या जीवांवर ड्रॅगन प्रकारच्या चालींचा परिणामच होईनासा झाला. तोवर दबदबा असलेल्या ड्रॅगनांच्या अंगातून काहीही वजा झालेले नव्हते. तरीही त्यांच्या माऱ्याची पूर्वीची निर्धास्तता गेली. सोस्यूरने १९१६ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत भाषेची तुलना बुद्धिबळाशी केली होती. सोंगटीचे मूल्य पटावरील इतर सोंगट्यांशी असलेल्या तिच्या संबंधावरून ठरते, हा त्या तुलनेचा आशय. पोकेमॉनचे ड्रॅगन या सिद्धांताचे जवळजवळ प्रायोगिक उदाहरण ठरतात.

चौथी घटना तात्त्विकदृष्ट्या सर्वांत महत्त्वाची आहे. पहिल्या पिढीचे गेम आजही खेळले जातात. त्यांत नवा जीव येत नाही, जुना सुधारला जात नाही, नियम पालटत नाहीत. संहिता पूर्णतः बंद झालेली आहे. तरीही त्या पिढीतील जीवांच्या श्रेणीवर वाद चालू राहिले आणि क्रम बदलत राहिला. याचे एक कारण स्पष्ट आहे. 'बॉडी स्लॅम' या चालीने समोरच्या जीवाला लकवा होऊ शकतो. पण तो जीव चालीच्याच, म्हणजे 'नॉर्मल' प्रकारचा असेल, तर तसे होत नाही. टॉरोस, स्नॉर्लॅक्स आणि चॅन्सी हे त्या पिढीतील तीनही प्रमुख जीव याच प्रकारचे. हा नियम गेममध्ये आरंभापासून होता, पण कित्येक वर्षे खेळाडूंच्या ध्यानात आला नव्हता. सरावासाठी त्यांनी बनवलेल्या संगणकीय प्रतिकृतींतही तो नव्हता. तो कळल्यावर या तिघांच्या परस्परलढतींचा हिशेब नव्याने मांडावा लागला.

संहिता स्थिर, वाचन मात्र बदलते. या ठिकाणी स्टॅन्ली फिशच्या अर्थ लावणाऱ्या समुदायांची आठवण होणे स्वाभाविक आहे. पण नेमके हेच उदाहरण त्या भूमिकेची मर्यादाही दाखवते. खेळाडूंच्या समुदायाचे एकमत होते, आणि ते चुकीचे होते. चूक उघड झाली ती समुदायाची अभिरुची पालटली म्हणून नव्हे, तर संहितेत असलेली आणि न वाचली गेलेली गोष्ट कोणीतरी वाचली म्हणून. बार्बरा हर्नस्टीन स्मिथ यांनी १९८८ च्या आपल्या ग्रंथात मूल्याच्या आनुषंगिकतेचा पुरस्कार केला. मूल्य परिस्थितीवर अवलंबून असते हा त्यांचा मुद्दा वरील पहिल्या तीन घटनांनी दृढ होतो. परंतु परिस्थितीवर अवलंबून असणे म्हणजे मनमानी असणे नव्हे. ठरावीक गेम, ठरावीक नियम आणि ठरावीक प्रतिस्पर्धी दिले, की कोणता जीव उपयुक्त याला बरे आणि वाईट उत्तर असते. सापेक्षता उत्तराच्या अटी सांगते. ती उत्तराची गरज रद्द करत नाही.

येथवर प्रश्न ज्ञानमीमांसेचा होता. परंतु श्रेणी ही केवळ वर्णन करून थांबत नाही, आणि तिचा नैतिक प्रश्न येथून सुरू होतो. वरच्या श्रेणीतला जीव अधिक खेळाडू निवडतात. त्यामुळे त्याच्या शक्यता अधिक तपासल्या जातात. त्यामुळे त्याच्या बाजूने पुरावा साचतो. खालच्या श्रेणीतला जीव कोणी निवडत नाही. त्यामुळे त्याच्याविषयी नवे काही कळत नाही. आणि काही कळले नाही हाच त्याच्या विरुद्धचा पुरावा ठरतो. म्हणजे निर्णय स्वतःच आपली साक्ष निर्माण करतो. न वाचलेल्या पुस्तकाविषयी कोणी लिहीत नाही, आणि कोणी लिहिले नाही म्हणून ते वाचण्याजोगे नसावे असे मानले जाते. हे चक्र साहित्यव्यवहाराला अपरिचित नाही.

हे चक्र एकदा लक्षणीय रीतीने भेदले गेले. २०१४ च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टन येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत दक्षिण कोरियाच्या पार्क से-जून यांनी विजेतेपद मिळवले. त्यांच्या संघात पाचिरिसू हा खारीसारखा विद्युत् जीव होता. अधिकृत स्पर्धेत दोन्ही बाजूंनी दोन-दोन जीव एकाच वेळी उतरतात, आणि स्मोगनच्या मुख्य श्रेणी एकास-एक लढतींच्या असतात, हे खरे; पण पाचिरिसू दुबळा आहे याविषयी कोठेच फारसे दुमत नव्हते. पार्क यांनी त्याच्याकडून माऱ्याची अपेक्षाच ठेवली नाही. प्रतिपक्षाचे हल्ले आपल्यावर ओढून घेणारी चाल आणि विद्युत् हल्ला पचवण्याचा गुण, या दोहोंच्या बळावर पाचिरिसूने शेजारच्या ग्यारादोसला, ज्याला विजेचे भय सर्वाधिक, संरक्षण दिले. जीव सुटा पाहिला तर क्षुल्लक. त्या संघात मात्र तो अपरिहार्य झाला. कलाकृतीतील घटकांचे महत्त्व संवाद, विरोध आणि समतोल या संबंधांत शोधणाऱ्या मर्ढेकरांच्या विचाराशी परिचित असलेल्या वाचकाला यात आश्चर्य वाटू नये.

या विजयाने श्रेणी खोटी ठरली काय? तसे म्हणणे भाबडेपणाचे होईल. दुसऱ्या पिढीच्या गेममधील कॅरेन ही प्रतिस्पर्धी पात्र असे सुचवते की बलवान-दुर्बल हा भेद स्वार्थी दृष्टीतून येतो, आणि खऱ्या कुशल खेळाडूने आपल्या आवडत्या जीवांनिशी जिंकावे. हे विधान फार लोकप्रिय आहे, पण पाचिरिसूचा विजय त्याची साक्ष देत नाही. केवळ प्रेमापोटी संघात घेतलेला पाचिरिसू हरलाच असता. तो जिंकला, कारण त्याच्याकडे कोणीतरी श्रेणीकारांहून अधिक बारकाईने पाहिले. म्हणजे येथे मूल्यनिर्णय नाकारला गेला नाही. अधिक चांगला मूल्यनिर्णय केला गेला. भावविवशतेने सर्वांना समान म्हणणे आणि आळसाने कोणाला निरुपयोगी म्हणणे, या दोन्ही वृत्तींत पाहण्याचे कष्ट टाळलेले असतात.

उलट बाजूचाही विचार केला पाहिजे. कधी एखादा जीव इतका प्रभावी ठरतो की त्याच्यावर बंदी घातली जाते. ठरावीक दर्जा गाठलेले खेळाडू मतदान करतात, आणि बंदीसाठी साध्या बहुमताहून अधिक, सामान्यतः साठ टक्के मते लागतात. २०१४ साली एजिस्लॅश या जीवाला मुख्य वर्गातून वगळण्यात आले. युक्तिवाद केवळ तो बलवान आहे एवढाच नव्हता. त्याच्या उपस्थितीमुळे प्रत्येकाला संघ त्याला डोळ्यांपुढे ठेवूनच बांधावा लागतो, असा होता. श्रेष्ठता सिद्ध झाल्यावरही तिचा वावर इतरांच्या शक्यता आक्रसून टाकत असेल, तर तिला वाव द्यावा काय, हा प्रश्न उपयुक्ततेचा उरत नाही. कोणत्या प्रकारचे विश्व राखावे याचा तो प्रश्न होतो. खेळाडूंनी त्याचे उत्तर कारणे देऊन आणि मत मोजून दिले, हे नोंदवण्याजोगे आहे. साहित्यातील वर्चस्वशाली नमुन्यांबाबत असे उघड मतदान कधी होत नाही. तेथे बहिष्कार आणि पुरस्कार दोन्ही बहुधा निःशब्द असतात.

कांटने १७८५ साली किंमत आणि प्रतिष्ठा यांत भेद केला. ज्याच्या जागी तुल्य असे दुसरे काही ठेवता येते त्याला किंमत असते; ज्याला तुल्य काहीच नाही त्याला प्रतिष्ठा. गेममधील जीवांना केवळ किंमतच असू शकते. त्यांना प्रतिष्ठा बहाल करणे हास्यास्पद ठरेल. म्हणूनच त्यांची श्रेणी लावणे निष्पाप आहे. पण श्रेणीचे हेच तंत्र कृतींना, भाषांना, शेवटी माणसांना लावले जाते, तेव्हा 'या अटींत, या कामासाठी, आजच्या माहितीनुसार' ही तीन विशेषणे गळून पडतात, आणि किंमतीविषयीचे विधान प्रतिष्ठेविषयीचे म्हणून वाचले जाते. दोष श्रेणी बदलण्यात नाही. दोष अटी पुसून टाकण्यात आहे.

खेळाडूंची श्रेणीव्यवस्था सदोष आहे, आवर्तनांत अडकते, पुष्कळदा चुकते. तरीही तिच्यात एक सद्गुण आहे. प्रत्येक स्थानामागे कारण मागितले जाते, ते कोणालाही खोडून काढता येते, आणि आजचे अक्षर उद्या बदलेल हे ते लिहिणाऱ्यालाही ठाऊक असते. आपला निर्णय बदलणार आहे हे माहीत असताना तो जबाबदारीने देणे, आणि नाकारलेल्या वस्तूकडे पुन्हा जाण्याची वाट मोकळी ठेवणे, एवढी अपेक्षा समीक्षेकडूनही करणे गैर ठरू नये.